रूपलाची बिल्डिंग

शेलूबाजार

तीर्थरूप जानरावमामांच्या पायाशी, तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरून पाहिलं तर माणूस आहे का पोतं हे कळणार नाही इतकं खाली वाकून, भाचा पवन याचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? रंगूमामीचा खोकला? पंपाशेजारच्या तुमच्या खोलीतली ओल गेली का (गेली नसणार, पण विचारावं लागते)? इकडे सगळं बरं आहे. आई बरी आहे, माझ्याशी बोलत नाही एवढंच. कॉलेज सोडून वर्ष होत आलं, तरी रोज सकाळी माझा डबा भरते आणि रोज सकाळी ओट्यावर आपटते.

मागच्या महिन्यात तुमच्याकडून न सांगता पळालो, मामीनं टाकलेली भाकर तव्यावरच राहिली, त्याचा खुलासा करायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मधातच शिव्या देता. पत्रात माणसाला शेवटपर्यंत बोलता येते.

नेमीचंद शेठच्या स्टुडिओच्या कामानं पुण्याला आलो, असं मी तुम्हाला म्हटलं ते साफ खोटं. (शेठला अजून वाटते, त्यांचा कॅमेरा अकोल्याला दुरुस्तीला गेला आहे.) खरी गोष्ट नितापासून सुरू होते. होय, मुलगी. आईला कळवू नका. निता मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची, माझ्या वर्गातली. पंधरा दिवस कॉलेजला आली नाही म्हणून सर भर वर्गात तिला वाट्टेल ते बोलले, आणि मी हजेरीपट खिडकीबाहेर फेकला. दुसऱ्या दिवसापासून तिची हजेरी लागली, माझी बंद झाली. ती आली नव्हती कारण तिचा भाऊ रूपला वारला होता. पुण्यात, तुमच्याच रस्त्यावर, बिल्डिंगच्या कामावर होता. चौदाव्या मजल्यावरून पडला. तांड्यावर आला तो कापडात गुंडाळलेला. त्याच्या मायला, गोमतीबाईला, कोणी तोंडही उघडून दाखवलं नाही. तेव्हापासून तिचा एकच धोशा. पोरगं तं पाहू देलं नाही, ते जागा तरी दाखवा. वर्ष भरलं की तिथं जाऊन दिवा लावायचा, पण आधी जागा फोटोत का होईना, डोळ्यांनी पाहायची. वर्गातला एक शहाणा निताला म्हणाला, नेटवरून काढून देतो फोटो. माझं डोकं सरकलं. म्हटलं, मेल्या माणसाची जागा नेटवरून काढतात का कुठं? मी आणतो!

मामा, तुम्हाला सवय झाली असेल. पुण्यात तुमच्या रस्त्यावर मी मान वर केली आणि मला काही सुधरेना. बिल्डिंगला चिकटून बिल्डिंग, खिडकीला चिकटून खिडकी, मधात आभाळ सोडायचं राहूनच गेलं. आपण सोयाबीनसुद्धा यापेक्षा अंतर ठेवून पेरतो. एक बिल्डिंग पूर्ण कॅमेऱ्यात मावेल तर शपथ. मागं सरकलो की मागची पाठीला लागे. गच्ची आली की गेट सुटे, गेट आलं की गच्ची. लग्नात नवरदेवाच्या सहा आत्या एका फोटोत बसवणारा माणूस मी (त्यातल्या चार एकमेकींशी बोलत नव्हत्या), पण तिथं हात टेकले.

त्यात रूपलाची कोणती, हेच कळेना. तो घरी ‘सी बिल्डिंग’ म्हणून सांगायचा. त्या कॉम्प्लेक्सच्या गेटवरचा माणूस हसला. सी-बी काही राहिलं नाही, लोक राहायला आल्यावर सगळ्यांना नद्यांची नावं दिली. अकरा नद्या! मग अकराही काढायला लागलो, एकेकीचे मजले मोजत. तेवढ्यात एक बाई गॅलरीतून ओरडली, हा आमच्या खिडक्यांचे फोटो काढतोय. झालं. मला ऑफिसात नेलं. मी सरळ म्हटलं, आमचा माणूस इथं पडून मेला, कुठून पडला तेवढं सांगा, मी चाललो. मॅनेजर चहा पीत होता. म्हणाला, “इथं असं काही झालेलंच नाही.” मामा, तो ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. मी त्याची कॉलर धरली, त्यांनी कॅमेरा धरला. सगळे फोटो पुसले. लेन्स कोणी फोडली याबद्दल दोन मतं आहेत.

रिकाम्या हातानं निताच्या पुढं कसा उभा राहू? तसाच तुम्ही राखता त्या गेटवर आलो, मोबाईलवर तुमच्याच बिल्डिंगचा फोटो काढला आणि एसटी स्टँड गाठला. (फोटोत तुम्हीही आहात, खाली, चण्याएवढे.)

फोटो मोठा करून, चौकटीत बसवून तांड्यावर नेला. गोमतीबाईनं तो भुईवर ठेवला आणि बोटानं खालून मजले मोजले. चौदाव्यावर बोट थांबलं. “हाच काय रे बापू?” मी हो म्हटलं. तिथं कोणाचा तरी टॉवेल वाळत होता. तिनं त्या टॉवेलवर कुंकू लावलं. घरात रूपलाचा धड फोटो नाही, म्हणून हारही त्या बिल्डिंगलाच घातला. निता माझ्याकडे पाहून राह्यली होती. त्या नजरेसाठी मी कॉलेज सोडलं, मामा, आणि ती मिळाली तर मला वर पाहता येईना.

असो. मामीला नमस्कार. भाकरीबद्दल माफी.

आपला आज्ञाधारक (हसू नका),
पवन

ता. क. : कामाचं राहिलंच. पुढच्या महिन्यात वर्ष भरते. गोमतीबाई, निता आणि तिचा काका लखीराम दिवा लावायला तुमच्या गेटवर येणार, मीच घेऊन येतो आहे. विचारलं तर रूपला इथूनच पडला म्हणा. तुम्हाला एकच खोटं बोलायचं आहे, माझी तर रांग लागली.

ता. क. २ : वरचं रद्द. पाकीट चिकटवणार होतो, पण हात होईना. तांड्यावर गेलो आणि निताला सगळं सांगितलं. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. “मायले तूच सांग,” एवढंच म्हणाली. सांगितलं. गोमतीबाईनं फोटो पुढ्यात ओढला. मला वाटलं, आता कुंकू पुसणार. नाही पुसलं. म्हणाली, “येवढी उंच हाय बापू, इथूनबी कोनाचं तरी पोरगं पडलंच असन. तुह्या मामाले पूस, त्याच्या मायनं दिवा लावला काय. नसन लावला तं नाव घेऊन ठेव म्हना. आमी दोन लावू.”

निता अजून माझ्याशी बोलत नाही. मामा, पाया खोदल्यापासून तुम्ही तिथं राखणीला आहात. नाव कळवा.