दादाने आणायची दोन कापडं

मी जसमाया गुरुंग, नैनसिंगची बायको, राहणार थुलीखर्क, जिल्हा लमजुंग, हे मृत्युपत्र स्वखुशीने सांगते आहे. शाळेतले सोमप्रसाद अधिकारी मास्तर लिहून घेत आहेत. पाय गेले आहेत, डोकं जागेवर आहे. मी नवऱ्याशी बोलते म्हणून मला वेडी ठरवणाऱ्यांनी इथेच वाचणं थांबवावं.

घर, खालचं नाचणीचं शेत आणि दोन्ही म्हशी मुलगी सुकमायाला. दिराच्या मुलांनी शेतावर डोळा ठेवू नये. बांध ढासळला तेव्हा एकजणही दगड उचलायला फिरकला नव्हता.

माग शेजारच्या रूपाला. तिची वीण सैल असते, तरी द्यावा.

पुढचं कलम माझ्या थोरल्या भावाचं. दलजंगदादा फौजेसाठी माणसं गोळा करायचा. नैनसिंग माझा आतेभाऊ. त्याला पहिल्यांदा दादानेच नेलं. तेव्हा लढाई नव्हती, म्हणून मी सोडून दिलं. मुदत संपवून तो घरी आला, म्हैस घेतली, सुकमाया रांगू लागली. मग मोठी लढाई पेटली आणि दादा नवी टोपी घालून ओसरीवर येऊन बसला.

"दाजी, जुन्या माणसाला आल्याआल्या नाईक करतात. म्हशीचं ही बघेल."

"हिला विचार की," नैनसिंग म्हणाला.

"बायकोला विचारून कोण फौजेत गेलंय?"

"मी जाऊन आलोय, दादा. म्हणूनच म्हणतो, विचार."

मला विचारलं नाही. दोघं रक्शी प्यायला बसले, आणि सकाळी नैनसिंगने पुन्हा नाव लिहून दिलं. जाताना म्हणाला, "जसू, नाचणी पेरून घे, कापायला येतो."

बर्माच्या जंगलात तो बेपत्ता झाल्याचं फौजेने कळवलं. देह असो वा नसो, आम्ही कपड्यांचा पुतळा करून अर्घौंचा विधी करतो. पुजारी गावामागून गावाचं नाव घेत मेलेल्याला पूर्वजांपर्यंत पोचवतो. पुरुषाच्या पुतळ्यावरचं कापड त्याच्या मामाच्या घरून, बाईच्या पुतळ्यावरचं तिच्या माहेरून यावं लागतं. नैनसिंगचा मामा म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्यामागे दादा. दादा कापड घेऊन दोनदा आला, दोन्ही वेळा मी त्याला अंगणातूनच परतवून लावलं.

"तूच नेलंस, आणि मेला म्हणूनही तूच सांगतोस?"

"तो भटकतोय गं, जसू. जाऊ दे त्याला."

भटकतोय हे खरं. मर्स्याङदी नदीवरून धुकं वर चढलं की तो येतो आणि मागाशेजारी बसतो. तेव्हाचाच तरुण, बूट ओले, कुत्रं भुंकत नाही. "नाचणी कापली?" असं विचारतो. "केव्हाच," मी म्हणते. तो हसतो आणि पांढऱ्यात बुडालेल्या शेताकडे बघत राहतो. घरी नवरा असलेल्या बायकांना लाभलं नसेल इतकं बोलणं मला लाभलं. मी सुखात होते, हे स्पष्ट लिहा, मास्तर.

पण या थंडीत त्याने विचारलं, "जसू, तू गेलीस की मी कोणाकडे यायचं?" तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

म्हणून माझं आणि त्याचं अर्घौं एकाच दिवशी करावं. पुतळे दोन, शेजारीशेजारी. त्याच्या पुतळ्याला मी विणलेली बंडी घालावी. पहिल्या खेपेचा फौजेचा कोट शेतातल्या बुजगावण्याला द्यावा, माकडं तरी भितील. पुजाऱ्याने हुद्दा घेऊन हाक मारू नये, नाहीतर तो ताठ उभा राहून भलतीकडे चालू लागेल. "सुकमायाचा बा" म्हणावं. वाटेवर मी त्याच्यासोबत आहे, हे त्याला आधी सांगावं.

दोन्ही कापडं दादाने स्वतः चढण चढून आणावीत, मुलांच्या हाती पाठवू नयेत. वाटेत बसला तर बसू द्यावं. माझ्या अंगणात त्याला कोणी टोचून बोलू नये; तो हक्क माझा होता आणि मी तो सोडला आहे.

हे वाचून दाखवल्यावर दादाने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "जसू, मी तुझ्याआधी गेलो तर?"

"रजा मिळणार नाही," मी म्हणाले.

त्याने सही केली.

जसमाया गुरुंग, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: दलजंग घले, भाऊ
साक्षीदार व लेखक: सोमप्रसाद अधिकारी, शिक्षक
थुलीखर्क, मंसिर महिना, विक्रम संवत २०३१