बिनदाताची दाढदुखी

मंगळवार, ९ मार्च

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत, म्हणजे आता आहेत. फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईलच. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? काल मी दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा तू नव्या पडद्यांवर गेलीस. तुझे मिस्टर आज कामासाठी इकडे आले, तेव्हा म्हटलं, त्यांच्याच हाती लिहून पाठवावं. वाचून होईपर्यंत समोरून हलू नका, असंही त्यांना बजावलंय.

विषय तुझ्या डाव्या हाताचा आहे. जिना चढताना तो भरून येतो आणि वर जाऊन बसलं की थांबतो, असं तू हसत हसत सांगितलंस. झोपेत अवघडला असेल, हे निदानही तूच केलंस. मला ते अजिबात पटलेलं नाही. का, ते कळायला तुला आधी माझी भानगड ऐकावी लागेल.

डिसेंबरात मी लेकीकडे आरामाला गेले होते, असं तुला कळवलं होतं. ती शुद्ध थाप होती. मी हॉस्पिटलात होते.

झालं असं, की समोरच्या इमारतीची लिफ्ट बिघडली. लॉन्ड्रीत इस्त्री हे करतात आणि गठ्ठे पोचवते मी, तेव्हा चार मजले चढणं माझ्याच नशिबी आलं. तिसऱ्या मजल्यावर खालची दाढ ठणकायला लागायची. पायरीवर टेकलं की बंद, उठून चढलं की परत सुरू. दाढ दुखली तर माणूस जाणार कुठे? दातवाल्याकडे गेले. डॉक्टर तरुण आणि सालस. त्याने फोटो काढला, ठोकून पाहिलं, म्हणाला दाढ चांगली आहे, जुनं सिमेंट भरलंय एवढंच. मी हट्टाला पेटले. दाढ माझी, दुखतंय मला, तुम्ही आपली उपटा. तू मला ओळखतेसच. दोन दिवस त्याचं डोकं खाल्लं, शेवटी उपटली बिचाऱ्याने.

आठवड्याने गठ्ठा घेऊन चढले, तर जिथे दाढच नाही तिथे दुखायला लागलं! माझं टाळकं सणकलं. तशीच तरातरा त्याचा जिना चढून भांडायला गेले. अंगाला घाम, बोलताना धाप. त्याने मला खुर्चीत बसवलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि तोंड काही उघडायला लावलं नाही.

"आता बसल्यावर थांबलं का?" एवढंच विचारलं.

थांबलं होतं. तो उठला, बाहेरच्या पेशंटांना उद्या या म्हणाला आणि मला स्वतःच्या गाडीत घालून थेट हृदयाच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. मी वाटभर विचारतेय, अहो, दाढेसाठी एवढं कशाला? तो आपला हॉर्न वाजवत सुटलेला.

हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. मनगटातून नळी घालून स्टेंट टाकला. आणि छातीत मला एकदाही दुखलं नाही, ठमे. छाती धरून कोसळणारी माणसं आपण सिनेमात पाहिलेली, आणि तीही पुरुषमाणसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुष्कळ बायकांचं दुखणं जबड्यात येतं, हातात, खांद्यात, पाठीत येतं, नाहीतर नुसती धाप लागते, मळमळतं. मग बाई पित्ताची गोळी घेते आणि पुन्हा कामाला लागते.

आता गोळ्या वेळेवर चालू आहेत. जेवणात मीठ कमी केलं, त्यावर ह्यांनी महिनाभर तोंड वाकडं केलं आणि मग विसरले. रोज चालते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला पकडून विचारते, की चढताना कुठे दुखतं का, बसल्यावर थांबतं का, रक्तदाब नि साखर शेवटची कधी तपासली. इस्त्रीच्या गठ्ठ्यांवरही तशी चिठ्ठी टाचते. शर्टाबरोबर सल्ला फुकट, असं हे चिडवतात. पण दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई चिठ्ठी वाचून तपासायला गेल्या, आणि आज त्या औषधावर आहेत, घरी आहेत.

एवढं जगाला सांगते, मग सख्ख्या बहिणीला का नाही? तेच लिहायचं आहे, आणि तेच मघापासून टाळतेय.

घरात कुणाला हृदयाचं होतं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी ठणकावून नाही म्हटलं. आई एकसष्टाव्या वर्षी झोपेत गेली, काही दुखलंखुपलं नाही, हे आपण नेहमी सांगतो तेच सांगितलं. घरी आल्यावर भाजी चिरताना एकदम आठवलं आणि मी सुरी खाली ठेवली. त्या शेवटच्या वर्षात आईची दाढ दुखायची. बादली उचलली की दुखायची, टेकली की थांबायची. आणि आईला तेव्हा वर-खाली पूर्ण कवळी होती गं.

किती हसायचो आपण. तू गालाला हात लावून तिची नक्कल करायचीस आणि घर लोळायचं. आईसुद्धा डोळे पुसत हसायची. अजून चार माणसं जमली की तुला ती करून दाखवायला लावतात. म्हणून हे तुला सांगणं माझ्या जिवावर आलं. तुझा यात काडीचा दोष नाही. आपल्याला कुणाला कळलं नाही, तिलाही कळलं नाही. पण काल तू हाताचं बोललीस आणि मला आईची बादली आठवली. तुझ्या मनाला लागेल म्हणून तीन महिने गप्प होते. आता लागलं तर लागू दे.

उद्या सकाळची तुमच्याच गावातल्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुझे मिस्टर नेतील, मी पहिल्या गाडीने तिथेच पोचते. आईचंही सगळं सांगायचं. आज काही उचलू नकोस, जिना चढू नकोस. बसल्याजागी दुखलं किंवा दुखणं थांबेना, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच अँब्युलन्स बोलवायची. पडदे मागाहून लाव. तुझं झालं की आपल्या लेकींनाही तपासायला न्यायचं आहे.

मला भीती वाटते, ठमे. हॉस्पिटलात स्वतःसाठी वाटली नाही एवढी काल तुझा फोन ठेवल्यावर वाटली. आई-बाबा गेले, दादा गेला. गिऱ्हाइकं दिवसभर ताई ताई करतात, ती धरायची नाहीत. मला खरोखर ताई म्हणणारं माणूस जगात आता एकच आहे.

उद्या सकाळी तिथे ये.

तू आहेस म्हणूनच जी आहे, ती तुझी
ताई