माझ्या वाटची पात

उमरी

प्रिय सिंधु,

फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्राला मधेच तोडता येत नाही.

दिवाळीची सुट्टी संपून पोरी परत आल्या, तुझी नात मात्र नाही. लुंबिनी माझ्याच वर्गात आहे, हे तू सोयीस्करपणे विसरली असशील. मधे चाचणीपुरती आली, तर पेन धरताना बोटं आखडत होती. वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला कशी रुततात, हे मला कुठल्या ग्रंथात वाचावं लागलेलं नाही. सून बाळंतीण, आणि गावात कापसाची सावड लागलेली. आज सगळ्यांनी तुझा कापूस वेचायचा, उद्या तू शेजारच्या माणिकप्पाचा. सावडीत पैसा चालत नाही, डोक्याला डोकंच द्यावं लागतं. सुनेच्या जागी नात उभी केलीस. दुसरं होतं कोण? पण शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आली आहे, आणि पोरगी हुशार आहे. आजीवर गेलेली नाही.

रागावू नकोस. माझ्या दहावीला आमच्या घरी हेच झालं होतं. आई तापानं पडली आणि सावडीत मला जायची पाळी आली. तू तेव्हा शाळा सोडून बसलेली. दारात येऊन आईला म्हणालीस, "मावशी, दर्शीला जाऊ द्या साळंला. तिची वळ, तिची पात मी धरते. माझं डोकं साळंत चाललं न्हाई, सावडीत तरी चालंल." तुमच्या घरातून तुझी आई जायची, आमच्या घरातून तू.

शाळा सुटली की मी शेताच्या धुऱ्यावर येऊन बसायचे आणि तू वेचत असताना तुला त्या दिवशीचं संस्कृत ऐकवायचे. देवः देवौ देवाः. मान वर न करता तू म्हणालीस, "आपल्या बौद्धांच्या घरी एकाबी देवाला जागा न्हाई, अन् तू तीन-तीन घेऊन आलीस व्हय गं?" माझ्या विद्वत्तेचं इतकं नेमकं परीक्षण पुढे नांदेडला एम.ए.च्या परीक्षकांनाही जमलं नाही. अजून वर्गात तो शब्द आला की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

आभार मात्र राहूनच गेले. संस्कृतात त्यासाठी शब्द ढीगभर आहेत, तुझ्यासमोर एकही उभा राहत नाही. मानले असते, तर तूच म्हणाली असतीस, सावडीला आभार लागत नसतात, माणूस लागतो.

म्हणून माणूस पाठवते आहे. सोमवारी पहिल्या एसटीनं मी येते. नैमित्तिक रजा शिल्लक आहेत, वेचणी उरकेपर्यंत पुरतील. अर्जात 'शेतीकाम' हे कारण वाचून आमच्या मुख्याध्यापक भुजंग सरांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "बाई, हे कारण पोरं देतात." मी म्हटलं, एका पोरीनं देऊ नये म्हणूनच मी देते आहे. तेव्हा सोमवारी लुंबिनीला वेण्या घालून शाळेत धाड. माझा हात आता मंद झालाय. माणिकप्पा हसेल, हसू दे. कमरेला कापसाची ओटी बांधायला एखादं जुनं लुगडं काढून ठेव, आणि माझी पात तुझ्या शेजारी राख.

तुझीच,
दर्शी
(शाळेच्या हजेरीपटावर प्रियदर्शिनी, सोमवारपासून गैरहजर)