काठीवरचा रिमोट

ता. ४ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन न करता लिहायला बसले, कारण फोन आणि बाबांची खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे. मी कितीही कुजबुजले तरी त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू जातं. आणि जे सांगायचंय ते इतक्यात त्यांच्या कानावर जाऊन चालणार नाही.

बाबांना झटका येऊन सात महिने झाले. उजवा हात अजून कामाचा नाही. उजवा पाय ओढत चालतात, पण चालू शकतात. डॉक्टरीणबाई दर महिन्याला बजावतात की डाव्या हातात काठी घ्या आणि रोज घरभर फिरा. बाबा मान डोलावतात आणि घरी येऊन खुर्चीत बसतात. जेवणाच्या टेबलापर्यंत अकरा पावलं, तेवढाच दिवसभराचा प्रवास. तेहतीस वर्षं बस चालवलेला माणूस! काल मी जरा चढ्या आवाजात चला म्हटलं, तर म्हणाले, कुठे जायचंय ते सांग, नुसतं गरगर फिरायला मी काय पंखा आहे?

आता मुद्द्याचं. परवा माळा आवरताना तुझ्या भाचीचा ठोकळ्यांचा खोका सापडला. त्यात चाकं फिरवणाऱ्या दोन छोट्या मोटारी, बॅटरीचा डबा आणि रिमोट, सगळं जिथल्या तिथे. ती नोकरीसाठी गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. मी गंमत म्हणून चार चाकं जोडली आणि बाबांच्या दारासमोरून गाडी सोडली. ती जेमतेम तीन फूट गेली आणि भिंतीवर आपटली. पण बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. मग परत वर केलं. बास, एवढंच झालं, पण मी पाहिलं.

मला त्यांना चालवता येईल अशी खरीखुरी गाडी बांधायची आहे. दिवसभर लॅबमध्ये कवळ्या बनवते, तेव्हा बारीक कामाला हात तयार आहे आणि दातांशी ओळखही जुनी. फक्त गिअरचे दात तुझ्या खात्यात येतात. तू रोज लिफ्टच्या मोटारी उघडतोस. मला नीट समजावून, चित्र काढून लिही.

वहिनीला आशीर्वाद. तुझी माझ्यावर माया आहेच, ती उत्तर लवकर पाठवून दाखव.

तुझी ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जिन्यातच उघडलं आणि वर पोचेपर्यंत गाडीचा आराखडा डोक्यात तयार होता. तुझी वहिनी म्हणाली, इतक्या उत्साहानं तुम्ही घरचा नळ कधी दुरुस्त करणार? मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तुझी गाडी भिंतीवर का आपटली ते सांगतो. तू मोटारीला मोठं दातेरी चाक लावलं असणार आणि चाकांच्या आसाला छोटं. दिसायला ते बरोबर वाटतं, पण त्यानं गाडी उधळते आणि अंगात जोर राहत नाही. उलट कर. मोटारीवर आठ दात्यांचं, आसावर चोवीसचं. वेग एक तृतीयांश होईल आणि जोर तिप्पट. तुमच्या स्वयंपाकघराचा उंबरा तिनं न कुरकुरता चढला पाहिजे. दुसरी मोटार पुढच्या चाकांना, वळायला. सोबत चित्र आहे. चहाचा डाग तेवढा आराखड्याचा भाग समजू नकोस.

एक अट आहे. यात माझं नाव बाबांना सांगायचं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली आणि मी सगळ्या पाहुण्यांदेखत त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली. म्हणालो, आता पुरे. डोळे अधू झाले होते, मी चुकीचं काही केलं नाही असं मला आजही वाटतं. पण ते चारचौघांत करायला नको होतं. दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, ते तू पाहिलंच आहेस. माझ्या हातची गाडी म्हटली तर ते तिला हातही लावणार नाहीत.

चाचणी कशी झाली ते बारकाव्यानं कळव. नुसतं छान झाली असं लिहिलंस तर मी पत्र परत पाठवीन. असाच लोभ चालू ठेव, बॅटरी मी पुरवीन.

तुझा खटपट्या


ता. २ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

बारकावे हवेत ना, घे मग.

पहिली चाचणी, रविवारी सकाळी. जोर भरपूर, पण उंबऱ्यावर चढताना करकर आवाज झाला आणि चाकं जागच्या जागी थांबली. उलटी करून पाहिली. जोर पडला की ठोकळे एकमेकांपासून सुटतात, सांगाडा वाकतो आणि दाते एकमेकांवरून घसरतात. कवळी सैल बसली की जेवताना जे होतं, अगदी तेच. मग मी काय केलं असेन? आडव्या ठोकळ्यांच्या थराला दोन्ही बाजूंनी उभ्या पट्ट्या खिळ्यांनी जखडल्या. ठोकळ्यांबरोबर आलेलेच प्लास्टिकचे खिळे हं, लॅबमधले नव्हेत. दुसऱ्या चाचणीत गाडी उंबरा चढली, पलीकडे उतरली आणि थेट पिठाच्या डब्याला जाऊन भिडली. तुझ्याकडून शाबासकी येईल म्हणून मी इथेच थांबून वाट पाहते.

तिसऱ्या चाचणीची गोष्ट मात्र सावकाश वाच. मला गाडी कॉरिडॉरमधून बाबांच्या खोलीत वळवायची होती. पाचदा प्रयत्न केला आणि पाचही वेळा मागचं चाक दाराच्या चौकटीला अडकलं. सहाव्यांदा अडकलं तेव्हा आतून बाबांचा आवाज आला, आठ महिन्यांत ऐकला नव्हता तसा. म्हणाले, अगं, इतक्या लवकर काय वळतेस! नाक पुढे जाऊ दे, मागचं चाक चौकटीशी आलं की मग वळव. लांब गाडीचं वळण असंच घेतात, हे सांगायला मी लागतो का?

मी म्हटलं, मला नाही जमत, तुम्हीच घ्या. आणि रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवून कपडे वाळत घालायला निघून गेले. गच्चीवरून उतरले तेव्हा गाडी खोलीत होती, पलंगाखालून फिरून बाहेर आली होती आणि बाबा तिला मागे घेत होते. उलटी, एका हातानं, चौकटीला न लागता. मला पाहून म्हणाले, डावीकडे ओढते तुझी गाडी. पुढचं चाक बघ.

पण अडचण जिथल्या तिथेच आहे. हे सगळं खुर्चीत बसून. डावा हात एकच. त्यात रिमोट धरला तर काठी कशात धरायची? आणि गाडी दहा पावलांपलीकडे गेली किंवा भिंतीआड झाली की रिमोटचं ऐकत नाही. मग मला हाक मारतात, मी ती उचलून आणते. आता चालणं माझंच वाढलंय.

आशीर्वाद आहेतच, उपाय पाठव.

तुझी ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शाबासकी, शाबासकी, शाबासकी. तीन पुरतील ना? सांगाडा जखडायची गोष्ट मी या पत्रात लिहिणारच होतो. तू लिफ्टच्या धंद्यात यायला हवं होतंस. बाबांनी गाडी उलटी घेतली ते मी तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं आणि मधेच मला पाणी प्यायला उठावं लागलं.

डावीकडे ओढते, ते बरोबर ओळखलं त्यांनी. एका बाजूचं चाक आसावर जास्त दाबून बसवलं असशील. केसाएवढी फट ठेव.

रिमोटवर उपाय सोपा आहे. जुना रिमोट दृष्टीच्या रेषेत चालतो, टीव्हीच्या रिमोटसारखा. नवा रेडिओ लहरींचा मिळतो, तो भिंतीपलीकडून आणि पन्नास पावलांवरूनही चालेल. मागवू का? म्हणजे तुझी धावपळ वाचेल. काठीचं मात्र मला सुचत नाही. तीन रात्री डोकं खाजवलं, हाती कोंडाच लागला.

तुझ्या लोभाचा धनी,
खटपट्या


ता. ६ एप्रिल

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

नवा रिमोट मागवू नकोस. मागवला असलास तर परत कर. कारण पुढे कळेल.

काठीचं मला सुचलं, आणि तेही लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीचं माप घेताना. संध्याकाळी घरी येऊन बाबांच्या काठीच्या मुठीवर मेण थापलं आणि त्यांना घट्ट धरायला सांगितलं. बोटांचा ठसा उमटला. त्या मापानं मी मूठ ओतली आणि तिच्या पुढे रिमोटसाठी खोबण केली, दोन्ही दांड्या अंगठ्याच्या टप्प्यात येतील अशी. काठीवर भार देऊन उभं राहायचं आणि अंगठ्यानं गाडी हाकायची. घरात कवळीचं, हिरड्यांच्या रंगाचंच सामान होतं, त्यामुळे मूठ गुलाबी झालीय. बाबा म्हणाले, काठी चावणार तर नाही ना?

पहिल्या दिवशी ते दारात उभे राहून चालवत होते. गाडी कॉरिडॉरच्या टोकाला गेली आणि थांबली. सवयीनं त्यांनी मला हाक मारली. मी म्हटलं, हात पिठात आहेत. मग काठीचा आवाज आला, टक, आणि पाय ओढल्याचा. टक, पुन्हा पाय. मी पीठ मळतच राहिले, चांगलं दगडासारखं होईपर्यंत. त्या दिवसापासून गाडी पुढे आणि बाबा मागे. आता अंगणातही जातात. उन्हात तर रिमोट चारच पावलांवर चालतो, म्हणून गाडीच्या अगदी पाठीला लागून चालावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी काल त्यांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून पाहिलं आणि औषध कोणतं बदललं म्हणून मला विचारलं.

आता रागावू नकोस. बाबांनी चित्र पाहिलं. मी टेबलावर विसरले होते. चहाचा डाग आणि तुझे ते वाकडे बाण, ओळखणार नाहीत असं कसं होईल? खोटं बोलणं मला जमलं नाही. सगळं सांगितलं, तू किल्लीबद्दल जे लिहिलंस तेही. ऐकून ते उठले, जेवले, वर्तमानपत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी मात्र मला म्हणाले, कागद आणि जाड पेन आण, आणि समोर बसू नकोस. रोज थोडं थोडं लिहितायत. काय लिहितात ते मला दाखवत नाहीत.

काळजी करू नकोस. मी केली नाही.

तुझी, शाबासकीला पात्र,
ताई


ता. २० एप्रिल

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

डाव्या हाताचं अक्षर आहे. लागेल तसं वाच. एवढं लिहायला सतरा दिवस लागले.

गाडी चांगली बांधली आहे. दोष सांगतो. एक, उतारावर ब्रेक नाही, गाडी घरंगळते. दोन, मागची दोन्ही चाकं एकाच आसावर आहेत, वळताना आतलं चाक घासतं. बसला असं नसतं. हे तुला माहीत असायला हवं होतं. तुझी ताई तुझी बाजू घेते, मी घेणार नाही.

पाहुण्यांसमोर बोललास त्याचा राग होता. आता नाही. खांब मला खरंच दिसला नव्हता. हे तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही, आज तुला सांगतो.

दोष पत्रातून दुरुस्त होत नाहीत. हत्यारं घेऊन ये. सूनबाईला घेऊन ये. सकाळच्या बसनं या, तेव्हा ऊन कमी असतं. घर शोधत बसू नका. मी थांब्यावर घ्यायला येतो.

माया आहे. ती मी बोलून दाखवत नाही, लिहून दाखवली.

तुझे बाबा