लारिबाला कोणी घराबाहेर काढू नये म्हणून

मी, अझुबिरे अकोल्गो, वय ७४, धंदा गवंडीकाम, राहणार बोलगाटांगा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे. अंगात ताप आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. म्हातारा भ्रमला होता असं माझा मुलगा साम्युएल पुढे सांगेल, म्हणून हे आधीच लिहिलं.

राहतं घर स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या धाकट्या भावाची विधवा लारिबा हिच्या ताब्यात तिच्या हयातीपर्यंत राहील. त्यानंतर साम्युएलचं.

शेजारचं पोर तापाने गेलं आणि त्याच्या आईच्या स्वप्नात लारिबा आली, एवढ्यावरून गावाने तिला चेटकीण ठरवलं. मी तिला घरी आणलं. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे तिचे कारभारी, मला भेटायला आले, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिने बाजरीचं पीठ कालवलेलं पाणी पुढे केलं. ते प्यायल्याशिवाय आमच्याकडे बोलणं सुरू होत नाही. त्या पाण्याचा तुंबा हातोहात फिरला, एकाच्याही ओठाला लागला नाही. पाळकसाहेबांनी तर तो झाडाच्या मुळाशी ओतला. त्याच रविवारी त्यांचा उपदेश काय, तर जिच्या हातचं कोणी पीत नसे त्या शोमरोनी बाईकडे प्रभूने पाणी मागितलं! मी मागच्या बाकावर दात-ओठ खात बसलो होतो.

साम्युएल मंडळीत प्रभूच्या शिष्यत्वाचा वर्ग घेतो. तो म्हणाला, "बा, एकदा कोंबडं कापून बघू. उताणं पडून मेलं की ती निर्दोष. लोकांची तोंडं तरी बंद होतील."

"प्रभूने कुठल्या बाईला आधी कोंबडं कापायला लावलं रे?"

"ते प्रभू होते. आपल्याला गावात राहायचंय."

मग वर्गात शिकवतोस काय, कपाळ?

लारिबा आतून म्हणाली, "दादा, मी जाते. माझ्यापायी पोराशी वाकडं घेऊ नका."

जाणार कुठे? हाकललेल्या बायकांच्या वस्तीत? मी असेपर्यंत नाही, आणि या कागदाप्रमाणे मी नसतानाही नाही.

थापी, ओळंबा, गुण्या हे सामान ज्याला भिंत सरळ उभी करायची असेल त्याने न्यावं. बँकेतली शिल्लक लारिबाच्या औषधपाण्याला. वडील मंडळींना माझ्याकडून काही नाही. त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतो, आणि ती करताना राग येतो. प्रभूला हे माहीत आहे.

प्रार्थनामंदिराच्या भिंती मी फुकट बांधल्या. तरीही माझं प्रेत तिथे न्यायचं असेल, तर लारिबा पुढच्या बाकावर बसलेली असली पाहिजे. तिला दारात अडवलं, तर मलाही आत नेऊ नये. घराच्या अंगणातच पुरावं, गाणी म्हणू नयेत.

साम्युएल, पोरा, तुझ्यावर माझा जीव आहे. म्हणूनच इतका जळतो. तू तिला एकदा काकी म्हण, बाकी मी सोडून देईन.

वरील मजकूर वाचून घेतला, तो माझ्या मनासारखा आहे.

ठिकाण : बोलगाटांगा
तारीख : ९ मार्च २०१७
सही : अझुबिरे अकोल्गो

साक्षीदार :
१. इद्रिसू मुमुनी, शेजारी, मशिदीत बांग देणारे. सही.
२. आसिबी अवुनी, दवाखान्यातली परिचारिका. सही.

वारसाची संमती :
साम्युएल अझुबिरे. सही नाही. फाटकापर्यंत आला होता. लारिबा आत आहे का, एवढं विचारून परत गेला.