आपलं शून्य, त्यांचं पाच

सोमवार, ३ नोव्हेंबर

ठक् — ठाऽक् — ठाऽक्.

पेडणेकर गुरुजींचं डस्टर. टेबलावर. लघू, गुरू, गुरू. सातवीचा वर्ग, कौलांच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप, तिच्यात तरंगणारी खडूची धूळ — आणि गुरुजी डोळे मिटून भुजंगप्रयात वाजवतायत. शब्द नाहीत, नुसता ठोका. 'आधी वृत्त कानात जाऊ दे रे गुणाजी, अर्थ येईल मागाहून चालत.'

पन्नासावर वर्षं झाली. आज दुपारी कॉलेजचा हॉल झाडताना तोच ठोका ऐकू आला! वळून बघतो तर इंद्रनील. एकटाच, बास्केटबॉलच्या रिंगखाली, चेंडूचे टप्पे टाकत. एक आखूड, दोन लांब. त्याला पत्ताही नाही की तो वृत्तात आहे.

पुण्याकडच्या घरातला मुलगा, वडील अबकैकच्या तेल कंपनीत इंजिनीअर. मराठी सगळं कळतं, बोलायला गेला की हिंदीत घसरतो. मला काका म्हणतो. टीममधला एकुलता एक आपला माणूस.

परवापासून सीझन. चार मॅच. डीनसाहेबांनी कॅप्टन ममदूहना (इथे अरबांत कोचला कॅप्टनच म्हणतात) सांगून टाकलंय — चारातल्या दोन जिंका, नाहीतर टीम बंद आणि हॉलमध्ये भिंती घालून वर्ग. हॉल गेला की हॉलची किल्ली सांभाळणारा कशाला हवा? माझा इकामा, इथे राहायचा परवाना, त्या किल्लीलाच बांधलेला. सहासष्टाव्या वर्षी माझा नवा कफील, जामीनदार, कोण होणार!

पण काळजी वाटत नाही. खरंच नाही. आठही पोरांचे टप्पे मी डोळे मिटून ओळखतो. दोन काय, तीन जिंकतील.

बुधवार, ५ नोव्हेंबर

हरलो. एकवीस गुणांनी.

हुसेनमियाँ म्हणाले, "चचा, इक्कीस से हारे, और आप ऐसा मुस्कुरा रै जैसे शादी में आए!" हे हैदराबादचे. कॉलेजची व्हॅन चालवतात आणि मॅचला माझ्या शेजारी बसून घड्याळ धरतात. कागद माझ्याकडे. कुणी फाऊल केला की त्याचा नंबर रकान्यात लिहायचा. एकाच्या नावावर पाच झाले की तो बाहेर. सगळं अरबी आकड्यांत. चौदा सीझन झाले, माझ्या कागदाला कुणी बोट लावलेलं नाही.

आणि एके काळी हाच मी! शहाऐंशीत नवा आलो तेव्हा कॅम्पच्या फाटकाशी पाच नंबरच्या बसची वाट बघत उभा. तीन बसगाड्या सोडल्या, कारण तिन्हींवर शून्य! कोण जाणे शून्य नंबरची बस कुठे नेते, म्हटलं. मग कुणीतरी पाठीत धपका घालून आत ढकललं — अरे, त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा असतो, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

हसत होतो, कारण तिसऱ्या क्वार्टरमध्ये पोरं तालात आली होती. फक्त उशिरा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

जिंकलो!! सहा गुणांनी! कॅप्टन ममदूहनी मला उचललं. चक्क उचललं. माझा चष्मा बेंचखाली गेला.

काल इंद्रनीलला बसवून शिकवलं होतं. फ्री थ्रो चुकत होते त्याचे. मी म्हटलं, तू मधेच ताल तोडतोस. यमाताराजभानसलगं म्हणून दाखवलं. हसत सुटला. "काका, ये कौनसा पासवर्ड है?" म्हटलं, पासवर्डच समज. पहिलं अक्षर य. यमाता. आखूड, लांब, लांब. ठक् ठाऽक् ठाऽक् — आणि टाक. आज सहापैकी सहा! प्रत्येक वेळी चेंडू हातात घेतला की ओठ हलायचे. एवढ्या आरड्याओरड्यात मला मात्र ते ऐकू येत होतं. य-मा-ता.

गुरुजी, इथे हुफूफमध्ये तुमचा एक विद्यार्थी वाढला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

गावाहून बायकोचा, सत्यभामेचा फोन. "जिंकलात ता आयकलंय. आता घराक कधी येतालात ता सांगा." म्हटलं, अजून एक मॅच जिंकू दे, मग आणखी दोन-तीन वर्षं तरी कुणी हलवत नाही मला. "म्हणजे येवचा नायच!" फोन ठेवला. पाच मिनिटांनी परत केला, औषधं घेतली का विचारायला.

बाजारातून खजूर आणला. इथल्या सगळ्यात गोड जातीचं नाव खलास. आणि 'संपलं' म्हणायलाही खलासच. एवढ्या वर्षांत या गमतीला कंटाळलो नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुसरी!! हॉल राहिला!

नीट लिहितो. अबकैकच्या बाजूच्या कॉलेजची टीम. त्यांचा पाच नंबर, रायद — ताडमाड पोरगा, पण पाय मांजराचे. एकट्याने बावीस गुण. चार मिनिटं उरली तेव्हा आम्ही एक्कावन्न, ते अठ्ठावन्न. कुणालाही वाटलं असतं, गेली मॅच. मला नाही वाटलं.

आणि तेवढ्यात लीगचे निरीक्षक माझ्या कागदावर वाकले, बोटाने मोजलं, शिट्टी! पाच नंबर, पाच फाऊल, बाहेर! रायद तीन बोटं नाचवत टेबलाशी आला. "थलाथा! थलाथा!" — तीनच, तीनच. त्यांचा कोच ओरडला. निरीक्षकांनी कागद फिरवून दाखवला. कागदासमोर कोण बोलणार! जाताना रायदने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सगळ्या पोरांना आपले फाऊल कमीच वाटतात, मी मनात म्हटलं.

मग आमची पोरं सुटली. शेवटच्या सात सेकंदांत एका गुणाने मागे, आणि इंद्रनीलला दोन फ्री थ्रो. य-मा-ता. एक. य-मा-ता. दोन. एका गुणाने जिंकलो!

हुसेनमियाँनी घड्याळाचं चुंबन घेतलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पाच नव्हते.

कागदाची खालची प्रत फाईलला लावायला घेतली. पाच नंबरचे तीन. आणि खाली आणखी दोन — जरा मोठे, गोल, अगदी बंद. हा माझा मराठी हात. याच वहीतला.

त्यांच्याकडे शून्य नंबरचाही एक पोरगा होता. चष्मेवाला, बुटका. शेवटच्या क्वार्टरला आला आणि आल्या आल्या दोन फाऊल करून बसला. त्याच वेळी पलीकडे इंद्रनील टप्पे टाकत होता आणि मी कुठे होतो? सातवीच्या वर्गात. टिंब द्यायचं, तिथे शून्य काढलं. दोनदा!

रायद बरोबर सांगत होता. तीन.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दिवसभर एकच विचार. हे वाचू शकणारा माणूस अख्ख्या लीगमध्ये मी एकटा. इंद्रनीलला मराठी आकडे येत नाहीत — मुद्दाम विचारलं. शून्य दाखवून म्हटलं, हे काय? म्हणाला, "फाइव. अरेबिक वाला."

हुसेनमियाँना सांगितलं. त्यांनी चहा खाली ठेवला. "चचा, आपके सिवा कौन पढ़ सकता? नक्को बोलो. हॉल बच गया, आप बच गए."

कॅप्टन ममदूहकडे गेलो. त्यांनी कागद दिव्याखाली धरला. "अम्मो गुणाजी," (अम्मो म्हणजे काका) "हे पाच आहे."

"माझ्या भाषेत शून्य आहे, कॅप्टन."

"माझ्या देशात पाच, या देशातही पाच. मॅच कुठे झाली? इथे. खलास!"

दारापर्यंत सोडायला आले. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आणि त्या दोन फ्री थ्रोचं काय सांगशील त्या पोराला?"

तेच तर.

गुरुवार, २० नोव्हेंबर

निरीक्षकांना चिठ्ठी दिली. अरबीत हुसेनमियाँनी लिहिली, कुरकुरत, पण अक्षर सुंदर. खाली मी दोन्ही शून्यं काढून दाखवली — माझं आणि त्यांचं — आणि सही केली. रात्री शांत झोप लागली तर बघतो.

गुरुजी मात्रा चुकली की उभं करायचे. मारायचे नाहीत. 'कुठे चुकली ते तूच सांग' म्हणायचे, आणि सांगेपर्यंत उभं. सांगितलं की लगेच 'बस खाली'. बसताना काय हलकं वाटायचं!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

झोप लागली. चांगली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

लीगचं पत्र. निकाल रद्द. दोन्ही कॉलेजं तयार असतील तर पाच डिसेंबरच्या आत उरलेली चार मिनिटं आमच्याच हॉलमध्ये, एक्कावन्न–अठ्ठावन्नपासून पुन्हा खेळायची. नाहीतर मॅच निकालाविना. कॅप्टन ममदूहनी लगेच फोन लावला. तिकडचे मॅनेजर म्हणाले, परीक्षा आहेत, जमणार नाही. बरोबरच आहे. त्यांचे दोन विजय आधीच झालेत, त्यांच्या हॉलवर कुणाचा डोळा नाही. त्यांना ही चार मिनिटं कशाला हवीत?

इंद्रनील आला होता. रडवेला. "मेरे दो फ्री थ्रो, काका! सात सेकंद बाकी थे! आपको पता है कैसे डाले मैंने?" मी म्हटलं, मला नाही तर कुणाला पता आहे रे? "फिर क्यों बोला?" म्हटलं, मात्रा चुकली की आपणच सांगायची असते. तो निघून गेला.

परवा चौथी मॅच. ती जिंकली की झालं. जिंकतील.

बुधवार, २६ नोव्हेंबर

हरलो. चार गुणांनी.

इंद्रनीलने पाचपैकी एक टाकला. टप्पे मुद्दाम बदलले होते. ठक् ठक् ठक्. तीन लघू. न गण. माझ्याकडे बघून, ठासून.

कागद स्वच्छ लिहिला. प्रत्येक टिंब तीनदा तपासलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

कंत्राटदाराची माणसं टेप घेऊन आली होती. माझ्या फ्री थ्रोच्या रेषेवर भिंत येणार. डीनसाहेब वाईट वागले नाहीत. खुर्ची दिली. सहा डिसेंबरपासून हॉल बंद, डिसेंबरअखेर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. एकोणचाळीस वर्षं. चोवीस अबकैकला पाईप जोडण्यात, बाकीची इथे.

सत्यभामेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शून्याचो पाच झालो, नि ता तुमीच जावन सांगल्यात?"

"होय."

"दुसऱ्या कोणाक वाचूकच येय नव्हता?"

"नाही."

"मगे बरा केल्यात. येवा. पडवी सारवून ठेवतंय." आणि वर, "चेंडू एक घेवन येवा. शाळेतल्या पोरांका."

पश्चात्ताप नाही. पुन्हा पुन्हा मनात चाचपून बघतो, नाही. एवढंच वाटतं — त्या पोराला तो ताल परत मिळायला हवा होता. माझ्यामुळे सुटला.

मंगळवार, २ डिसेंबर

ट्रंक भरत होतो. दारावर थाप. हुसेनमियाँ असतील म्हणून मान वर न करताच 'आ जाओ' म्हटलं. कुणी आत येईना. बघतो तर चौकटीत न मावणारा पोरगा, हातात खजुराचा डबा.

रायद! पाच नंबर.

मागे त्यांची व्हॅन. सगळी टीम. तो चष्मेवाला शून्यही. त्यांचे मॅनेजर खिडकीत, तोंड पाडून — पोरांनी ऐकलं नसणार. रायदने डबा माझ्या हातात दिला, वर खलास लिहिलेलं. त्या अक्षरांवर बोट ठेवून मान हलवली. "मा खलसत, अम्मो." संपलेली नाही. आणि चार बोटं वर केली — चार मिनिटं.

कॅप्टन ममदूह धावत निरीक्षकांना आणायला गेलेत. पोरं बूट बांधतायत, तेवढ्यात हे लिहितो. नवा कागद काढलाय. ही जिंकली की डीनसाहेबांच्या दोन पूर्ण. शून्य नंबरपुढे टिंब — ठळक. हॉलमधून आवाज येतोय. ठक् — ठाऽक् — ठाऽक्.

सात गुण मागे, चार मिनिटं. पुरेत!