जवळ्याच्या मेळाव्यातले तीन शब्द

गावाकडून, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी

माझा बाकावरचा डावा शेजारी भीमसिंग यास हजेरी क्रमांक सतरा संतरामचा रामराम.

तुझा गुडघा, जिवनबाई वहिनींचा दमा आणि तुमची ती मारकी म्हैस, तिघंही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. आम्ही इकडं बरे आहोत. म्हणजे परवापर्यंत होतो; आता डॉक्टरांच्या शिक्क्याचा कागद येईपर्यंत खात्रीनं काही लिहीत नाही. दिवाळीला तुला चार पानी पत्र धाडलं, त्याला तुझं एका ओळीचंही उत्तर नाही. तुझ्यावर माझा संशय नाही (थोडा आहे), पण आमचा नवा पोस्टमन मोटारसायकलवर असा सुसाट जातो की त्याच्या थैलीतून किती लोकांची ख्यालीखुशाली कापसाच्या शेतात उडून पडत असेल, देव जाणे.

तर हकिगत अशी. काल जवळा बाजारला, आपल्या जुन्या शाळेत, "मोफत आरोग्य व तंदुरुस्ती मेळावा" भरला होता. फाटकावर कापडी फलक, त्यावर "हलते राहा, चालते राहा", आणि त्याहून मोठ्या अक्षरात "मोफत". शहरातून दोन गाड्या भरून माणसं येतात, आपल्याला टोपी देतात, लिंबूपाणी पाजतात, आणि विकत काहीच नाहीत? मी शेवटपर्यंत वाट पाहिली की आता तेल निघेल, मंजन निघेल, निदान गुडघ्याचा पट्टा तरी निघेल. काही निघालं नाही. तेव्हा माझा संशय पक्का झाला.

खरं तर मी जाणारच नव्हतो. सूनबाई साधना मागं लागली. मागल्या महिन्यात मी बाजारातून घरी निघालो आणि सिद्धेश्वरच्या धरणावर उतरलो, एवढंच निमित्त. जीपवाले रोजची जागा सोडून भलतीकडं उभे राहतात, त्यात माझी काय चूक? (आणि धरणावर काय सुंदर संध्याकाळ होती म्हणून सांगू! पाण्यावर बगळ्यांची रांग, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी. मी तासभर बसलो. घरी मात्र रडारड.) दूध दोनदा उतू गेलं तेही तिनं माझ्याच नावावर लिहिलं. मग पुण्याहून आमच्या लेकाचा, स्वप्निलचा फोन. "दादा, मेळाव्यात तपासून घ्या. तो कागद बघून ठरवू, तुम्ही बाजाराला एकटं जायचं का नाही." बघ भीमसिंगा! पासष्ट वर्षं ज्या बाजाराला मी चालतोय, त्याचा परवाना आता पोरगं देणार, तोही कागद बघून. फुकटाच्या मेळाव्याची किंमत काय ते मला तिथंच कळलं.

गेलो. शिरतानाच काटा. आपल्या जवळ्यात काट्यावर चढवतात ते विकायचं असतं म्हणून. मी उतरल्यावर सवयीनं भाव विचारला, तर कोणी हसलंसुद्धा नाही. मग बोटाला चिमटा लावला. सोयाबीनचा ओलावा मोजून भाव पाडतात ना, हुबेहूब तसा. पुढल्या टेबलाला म्हणाले, हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठा-बसा. त्यापुढं म्हणाले, एका पायावर उभे राहा. शेवटी मैदानाला एक फेरी. मला गहिवरून आलं. याच मैदानात, याच तीन गोष्टी गुरुजींनी आपल्याकडून चार वर्षं करवून घेतल्या, आणि आपण त्याला शिक्षा समजत होतो!

शेवटचं टेबल आपल्या चौथीच्या खोलीत होतं. (आता तिथं पंखा आहे. खिडकीतलं बाभळीचं झाड मात्र नाही.) तिथं निलम नावाची नर्स बसली होती, बोलायला गोड. माझा संशय जास्तच वाढला. ती म्हणाली, "आजोबा, मी तीन शब्द सांगते, नीट ध्यानात ठेवा." तिनं शब्द सांगितले. (ते इथं लिहीत नाही. पत्र वाटेत कोणी फोडलं तर?) मग घड्याळाचं चित्र काढायला लावलं, इकडचं तिकडचं बोलली आणि हळूच म्हणाली, "हं, आता ते तीन शब्द मला सांगा."

मी तिथंच सावध झालो. गेल्याच महिन्यात बँकेचे साहेब पारावर घसा फोडून सांगून गेले होते की, तुमच्याकडं काही धाडून तेच तुमच्याकडून परत मागणारा माणूस हमखास चोर. पोटच्या पोरालाही ओटीपी सांगू नका. मी उठून उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "बाई, मरेन पण सांगणार न्हाई!"

रांगेत माझ्यामागं शेजारच्या द्वारकाबाई होत्या. त्यांची पाळी आली तसा त्यांनीही पदर खोचला. "व्हय गं, तूच सांगितले अन् मलाच काहून विचारून राहिली? तुझ्या ध्यानात राहत न्हाईत तर लिहून ठेव की!" त्यांच्यामागचा वसराम तर शब्द ऐकायच्या आधीच कानावर हात ठेवून बसला. एकामागून एक अकरा माणसांनी तोंडं मिटली. डॉक्टरांना भोंग्यावरून सांगावं लागलं, "गावकरी हो, हे ओटीपी नाहीत, कृपा करून शब्द सांगा!" त्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, "चोर दुसरं काय म्हणंल?" मला तीन ठिकाणी चहा पाजला लोकांनी. गावाचा पैसा वाचवला म्हणून.

तर अशी फजिती केली त्यांची. वहिनींना नमस्कार, म्हशीला लांबूनच.

तुझा,
संतराम

ता. क. पत्र वाचून झाल्यावर जिवनबाई वहिनींना आतल्या खोलीत जाऊ दे, मग पुढचं वाच. ओटीपीचं मला नंतर सुचलं. शब्द आठवले नाहीत, एकही नाही. द्वारकाबाई आज गावभर सांगत फिरतात की ते विहीर, चप्पल आणि मका होते. मी ते आयुष्यात ऐकलेले नाहीत.

आणखी एक. आपली चौथीतली बैलगाडीची कविता मी रोज सकाळी अंगणात म्हणतो. दिवाळीपासून गाडी नदीपर्यंत येते आणि थांबते. पुढचं कडवं येत नाही. ती घरी कशी पोचते तेवढं लिहून धाड. नाहीतर स्वतःच घेऊन ये. त्या नर्सनं मला गुपचूप चिठ्ठी दिली आहे: येत्या बुधवारी हिंगोलीच्या दवाखान्यात, सोबत लहानपणापासून ओळखणारं माणूस. असं माणूस आता तूच उरलास. साधनाला अजून सांगितलेलं नाही. तू आलास की दोघं मिळून सांगू; शिक्षा वाटून घ्यायची आपली पद्धत तिला ठाऊक नाही.

आणखी एक, शेवटचं. पाकीट जड लागलं तर घाबरू नकोस. तिकिटासाठी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला तेव्हा दिवाळीचं चार पानी पत्र सापडलं. तेही सोबत ठेवलं आहे. आधी ते वाच. पोस्टमनला रामराम सांगायला मी आता फाटकात जाऊन उभा राहतो.